नीलाबाईंकडचा पेपर

नीलाबाई औसेकरांच्या घरचा बंब पेटायचा तो बहुतेक वेळा भौतिकशास्त्रावर. कधी रसायन असे, कधी गणित. क्लासच्या सरांनी हातानं लिहून पाठवलेले प्रश्न टाईप झाले, तपासून झाले, की ते कागद बाई स्वतःच्या हातानं बंबात सारायच्या आणि राख होईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. त्यांचे यजमान रेणुकादासराव खांद्यावर पंचा टाकून न्हाणीच्या दारात उभे राहत आणि विचारत, "झालं का तापून? का अजून एखादं प्रकरण कच्चं आहे?"

बाई उत्तर देत नसत. कुठलं प्रकरण जळत आहे हेसुद्धा त्या नवऱ्याला कळू द्यायच्या नाहीत.

हा स्वभाव एका दिवसात झालेला नव्हता. बाई मूळच्या औशाच्या. लग्नाआधीच मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेल्या आणि पुढे तिथल्याच एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे इन्स्टिट्यूटची भिंत मशीनांवर कोसळली. त्यातून एक धड राहिलेलं मशीन घेऊन नीलाबाई मदतीच्या तंबूत जाऊन बसल्या आणि लोकांचे अर्ज टाईप करून देऊ लागल्या. कुणाच्या घरात कोण गेलं, कोण राहिलं, भावाभावांत जागेवरून काय बिनसलं, कुणाची सून माहेरी निघून गेली, सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. टँकरपाशी बायका खोदून खोदून विचारत. नीलाबाई म्हणत, "मी अक्षरं बघते बाई, मजकूर बघत नाही." हे अर्थातच खरं नव्हतं. पण तंबूतली गोष्ट त्यांच्या तोंडून कधी बाहेर गेली नाही, हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

पुढे रेणुकादासरावांची बदली लातूरला झाली आणि बिऱ्हाड औशाहून इकडे आलं. तोवर लातूरचं नाव बोर्डाच्या निकालात गाजायला लागलं होतं. कंधार, लोहा, उदगीर, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन यायचे. पोरांच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक, बापाच्या हातात डाळीचं गाठोडं. गल्लीतल्या प्रत्येक घरानं एक खोली भाड्यानं काढली. मेस निघाल्या, क्लास निघाले, आणि क्लासपाठोपाठ पेपर फुटायची भीती आली. सराव परीक्षेचा पेपर टाईपिंगच्या दुकानात द्यावा, तर तिथं चार पोरं बाकावर बसलेली. दुपारी टाईप झालेला प्रश्न दिवेलागणीला होस्टेलवर पोचायचा.

नांदेडच्या अभ्युदय क्लासेसचे राघवेंद्र सर या प्रकाराला कंटाळले होते. त्यांच्या क्लासची एक शाखा लातूरला होती. घरात बसून टाईप करणारं आणि तोंड मिटून राहणारं माणूस ते शोधत होते. तंबूतल्या दिवसांत ज्याचा अर्ज बाईंनी केला होता अशा कुणीतरी त्यांना नीलाबाईंचं नाव सांगितलं. सर एकदा येऊन बसले, चहा घेतला, सहज म्हणून आधीच्या कामाबद्दल चौकशी केली. नीलाबाईंनी एकाही माणसाचं नाव घेतलं नाही. सरांनी तिथल्या तिथं काम देऊन टाकलं. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचा जुना कॉम्प्युटर घरात आला, आणि मागची खोली कुलूपबंद झाली. किल्ली बाईंच्या कमरेला.

कामाचे नियम बाईंनी स्वतः ठरवले. तपासलेला पक्का पेपर एका वेळी एकाच ठिकाणी असायचा. तपासणीसाठी तो फ्लॉपीवर नांदेडला जायचा, सर दुरुस्त्या करून तीच फ्लॉपी परत पाठवायचे. ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली की फ्लॉपी कोरी करायची आणि हाताचा कागद बंबात. सरांनीही आपल्याकडे प्रत ठेवायची नाही. आणि जाता-येता फ्लॉपीला सील. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला असतं तसं. कागदाची अरुंद पट्टी घ्यायची, घरच्या कणकेची खळ लावायची, फ्लॉपीच्या सरकत्या पत्र्यावरून मागच्या बाजूपर्यंत गुंडाळायची आणि सांध्यावर सही ठोकायची. पट्टी फाटलेली दिसली तर तो पेपर रद्द. राघवेंद्र सरांना ही पद्धत इतकी पसंत पडली, की नांदेडहून फ्लॉपी परत पाठवताना तेही तशीच पट्टी लावून सही करू लागले. या व्यवस्थेतून आजवर एकही प्रश्न फुटला नव्हता.

भूकंपाला दहा वर्षं झाली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. अभ्युदयची सर्वांत मोठी सराव परीक्षा रविवारी होती, लातूर आणि नांदेडला एकाच वेळी. त्या मार्कांवरून बारावीची निवडक तुकडी ठरायची होती, त्यामुळे पोरांनी तहानभूक सोडली होती. गुरुवारी नांदेडहून शेवटची फ्लॉपी आली. नीलाबाईंनी ब्लेडनं पट्टी कापली, पेपर उतरवून घेतला, फ्लॉपी कोरी केली, कागद जाळले. शुक्रवारी सकाळी एक मूळ प्रत छापायची, ती पाकिटात बंद करायची, सर येऊन घेऊन जाणार, आपल्या घरच्या झेरॉक्स मशीनवर प्रती काढणार. एवढंच काम उरलं होतं.

शुक्रवारी सकाळी बाईंनी देवाला दिवा लावला, खोली उघडली, कॉम्प्युटर सुरू केला आणि पेपरच्या फोल्डरवर टिचकी मारली. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथंच बसलं. माउस हलेना, काही बंद होईना. बाईंनी बटण दाबून मशीन बंद केलं, पुन्हा लावलं. निळा पडदा आला, सगळी तपासणी झाली, चित्रं दिसू लागली. पुन्हा फोल्डर. पुन्हा तेच. दुसरा कुठलाही फोल्डर उघडायला जावं तरी तेच. टायपिंगच्या प्रोग्राममध्ये शिरून फाईल शोधायला गेलं तरी तेच. कोरं पान उघडून टाईप करायला घेतलं तर मशीन गुमान चालत होतं. जुन्या कामाच्या दाराशी नेलं की अडत होतं.

बाई खोलीबाहेर आल्या त्या पदरानं घाम पुसत. थंडीचे दिवस होते.

"काय गं, काय झालं?" रेणुकादासराव वर्तमानपत्र वाचत होते.

"काही नाही."

"काही नाही तर किल्ली कुलपातच कशी राहिली?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. कुलपाला किल्ली तशीच लटकत होती. असं कधी झालं नव्हतं. रेणुकादासरावांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि शिवलिंगला बोलवायला गेले.

शिवलिंगचं कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस निलंग्याकडचा, हात चांगला, बोलायला मोकळा. महिन्यापूर्वी त्यानंच बाईंच्या मशीनमध्ये अँटीव्हायरस घातला होता. तो आला, ओट्यावर चपला काढल्या, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि थबकला.

"काकू, एक विचारू का? आत रविवारचा पेपर हाय?"

"मी कशाला सांगू?"

"म्हणजे हाय." त्यानं आत टाकलेला पाय उचलून परत बाहेर ठेवला. "मग मी न्हाई येत."

"अरे पण…"

"माझी ऋतुजा त्याच परीक्षेला बसून राहिलीय काकू. उद्या पोरीला चार मार्क जास्त पडले तर गल्ली काय म्हणल? बापानं मशीन उघडलं होतं म्हणल. पोरगी दिवसभर पुस्तकात डोकं घालून राहिलीय, तिच्या मेहनतीची माती होईल."

नीलाबाईंना हे ऐकून रागही आला आणि बरंही वाटलं. दोन माणसं एकाच गोष्टीला जपत होती, आणि त्यामुळेच काम अडलं होतं.

"मग करायचं कसं?" त्यांनी विचारलं.

शिवलिंगनं इकडंतिकडं पाहिलं, ओसरीवरची खुर्ची उचलली, मागच्या खोलीच्या खिडकीखाली बोळात नेली आणि भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडं तोंड करून बसला. "मी हितनं सांगतो. तुम्ही आत करा. मला काही दाखवू नका, मी मागं बघणार न्हाई."

त्या दिवशी गल्लीनं एक अजब दृश्य पाहिलं. दुरुस्तीवाला बाहेर रस्त्याकडं बघत ओरडतोय, "मागचे चार स्क्रू काढा!" आणि आतून बाईंचा आवाज येतोय, "तीनच आहेत!" रेणुकादासराव चहाची बशी घेऊन बोळात उभे राहिले. "शिवलिंग, वैद्यानं पेशंटकडे पाठ करून नाडी बघावी तसं चाललंय तुझं."

"काका, नाडी काकूच बघून राहिल्यात. मी नुस्तं औषध सांगतो."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आत धुळीचा थर होता. तो त्यांनी जुन्या रंगाच्या ब्रशनं झाडला. शिवलिंगच्या सांगण्यावरून रॅमची पट्टी बाहेर काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या, कट् आवाज येईपर्यंत परत दाबून बसवली. वायरी काढून पुन्हा घट्ट केल्या. प्रत्येक वेळी मशीन सुरू व्हायचं, फोल्डरवर टिचकी पडायची, आणि खिडकीबाहेरून प्रश्न यायचा, "उघडलं?"

"नाही."

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शिवलिंग म्हणाला, "काकू, आता फॉरमॅटच मारावं लागतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे पाटी कोरी करायची."

"आणि पाटीवर लिहिलेलं?"

"ते बी जाणार." शिवलिंगनं डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "दुसरा उपाय हाय. आतली डिस्क काढून दुकानातल्या मशीनला जोडायची. पण तिथं दोन पोरं कामाला हायत, गिऱ्हाईकं येऊन बसतात."

"नको," नीलाबाई म्हणाल्या.

फोन त्यांनीच लावला. राघवेंद्र सरांनी सगळं ऐकून घेतलं. कागद जळालेले, फ्लॉपी कोरी, आपल्याकडे प्रत नाही, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

"बाई, मी उद्या दुपारी जीप घेऊन येतो," ते म्हणाले. "प्रत तयार असली तर उत्तम. नसली तर तसाच परत फिरतो. रातोरात नवा पेपर काढतो आणि इथं नांदेडातल्या एखाद्या छापखान्यात टाकतो. फुटला तर फुटला. दुसरा इलाज नाही. आणि मग पुढचं कामही इकडंच करावं लागेल, समजून घ्या."

बाई समजल्या. काम जाईल हे तर होतंच. पण छापखान्यातल्या बाकावरची पोरं त्यांच्या डोळ्यांपुढून हटेनात. ऋतुजासारखी शेकडो पोरं वर्षभर घासत होती, आणि ज्याच्या ओळखीचा कंपॉझिटर त्याचा नंबर निवडक तुकडीत लागणार.

शनिवारी सकाळी नीलाबाई पुन्हा त्या खोलीत जाऊन बसल्या. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. डोकं शांत राहावं म्हणून त्यांनी मशीन तापू नये यासाठी लावलेला खडखडणारा टेबलफॅन बंद केला, खिडकी लावून घेतली आणि मशीन सुरू केलं.

भूकंपानंतर औशा-लातूरकडच्या माणसांचे कान बदलले. त्याआधी कित्येक महिने जमिनीखालून गुरगुर ऐकू यायची आणि लोक म्हणायचे, ट्रक गेला असेल, ढग वाजला असेल. त्यानंतर मात्र कुणी तसं म्हणेना. पातेल्यावरची ताटली थरथरली तरी माणूस हातातला घास थांबवून ऐकतो, आवाज कुठून आला, आधी आला की नंतर. नीलाबाईंचा कान तर जास्तच तिखट झाला होता.

त्यांनी फोल्डरवर टिचकी मारली आणि तो कान जागा झाला. गुर्र. अगदी बारीक, घशातल्या घशात केल्यासारखा आवाज. आणि मग पडदा अडला.

बाईंनी मशीन बंद करून परत लावलं. या वेळी त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या, डोळे मिटून बसल्या होत्या. टिचकी. गुर्र. मग शांतता. डोळे उघडले तर वाळूचं घड्याळ. म्हणजे अडल्यावर आवाज येत नव्हता. आधी आवाज, मग अडणं. काल दिवसभर पंख्याच्या खडखडाटात आणि शिवलिंगच्या आरोळ्यांत हे कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा त्यांनी मशीनला कान लावला, आणि मग खिडकी उघडून हाक मारली, "अहो, शिवलिंगला बोलवा! पळत ये म्हणावं!"

शिवलिंग तोंडात दात घासायचा ब्रश घेऊनच आला आणि सवयीनं रस्त्याकडं तोंड करून बसला.

"आवाज आधी येतो," बाई म्हणाल्या.

"कुठनं येतो?"

"खालच्या फटीतून. फ्लॉपी घालतो तिथून."

"फ्लॉपी राहिलीय का आत?"

"नाही. फट रिकामी आहे."

"फटीजवळचा हिरवा दिवा लागतो का?"

बाईंनी पुन्हा सगळं केलं. "लागतो. आवाजाबरोबर लागतो आणि विझतच नाही."

शिवलिंग खुर्चीवरून ताडकन उठला. वळणार तेवढ्यात त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारला, डोळ्यांवर पंजा धरला आणि परत बसला. "काकू! आत काहीतरी अडकलंय. मशीनला वाटून राहिलंय आत फ्लॉपी हाय. मी अँटीव्हायरस घातलाय ना, तो कुठलंही फोल्डर उघडायच्या आधी फ्लॉपी तपासायला पळतो. तिथं फ्लॉपीच न्हाई, तर वाचणार काय? वाचता येईना आन् सोडता बी येईना. तिथंच बसतंय सगळं. वायर काढा आधी! मग बॅटरी मारून फटीत बघा."

बाईंनी प्लग उपसला, फटीवरची झडप बोटानं आत ढकलली आणि बॅटरीचा उजेड पाडला. खोलवर पांढरं काहीतरी चुरगळून बसलं होतं. रेणुकादासराव धावत जाऊन बाईंची क्रोशाची सुई घेऊन आले, पण उंबऱ्यावर थांबले. त्या खोलीत त्यांनाही मज्जाव होता. बाईंनी हात लांब करून सुई घेतली. रुमालाची नक्षी विणणाऱ्या त्या सुईचा आकडा त्यांनी अलगद आत सोडला, फिरवला, ओढला. निसटलं. पुन्हा सोडला. या वेळी खळीनं कडक झालेली कागदाची घडी हळूहळू सरकत बाहेर आली.

ती सीलची पट्टी होती. गुरुवारी घाईत बाईंनी ब्लेडनं पुढचा भाग कापला होता. मागच्या बाजूला चिकटलेला तुकडा सोलायचा राहिला, तो फ्लॉपीबरोबर आत गेला आणि फ्लॉपी बाहेर येताना आतच सुटला. तुकड्यावर अर्धी सही होती, राघवेंद्र सरांची. पट्टी लावायची पद्धत मात्र नीलाबाईंची. पेपर बाहेर जाऊ नये म्हणून घातलेल्या सीलनं पेपर खरोखरच कोंडून ठेवला होता.

बाईंनी प्लग लावला. निळा पडदा आला, गेला. चित्रं आली. त्यांनी फोल्डरवर टिचकी मारली.

फोल्डर उघडला. विनाआवाज, एका क्षणात, सगळ्या फाईली ओळीनं उभ्या. रविवारचा पेपर सर्वांत वर.

बाहेर शिवलिंगचा जीव खालीवर होत होता. "उघडलं का? काकू, उघडलं का, बोला ना! मला बघता येईना!"

आतून प्रिंटरचा करकराट तेवढा सुरू झाला. शिवलिंगला कळलं. तो बोळातच रस्त्याकडं तोंड करून नाचला, ब्रश अजून हातातच. रेणुकादासरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे वैद्या, पेशंट उठून बसला!"

"मी काय केलं काका? काकूंनी कानानं धरून आणलं त्याला बाहेर."

"तू सांगितलं नसतंस तर मी त्या फटीकडे बघितलंसुद्धा नसतं," बाई खिडकीतून म्हणाल्या. "आधी तोंड धुऊन ये. तुझ्यासाठी शिरा टाकते."

दुपारी जीप दारात थांबली. राघवेंद्र सर उतरले ते रात्रभर न झोपल्यासारखे. नीलाबाईंनी त्यांच्या हातात बंद पाकीट दिलं आणि पाठोपाठ, चिमटीत धरून, ती पट्टी. सरांनी सही ओळखली. बाईंनी पट्टी कुठं सापडली ते सांगितलं तसे ते आधी ओशाळले आणि मग इतके हसले की ओट्यावर बसावं लागलं.

"आता यापुढे सील बंद करायचं का, बाई?"

"सील राहील," नीलाबाई म्हणाल्या. "फ्लॉपीवर नाही, पाकिटावर. आणि खळ नाही, लाख लावायची."

"आणि काम?"

"काम इथंच राहील, असं मी धरून चालते."

"मी पण," सर म्हणाले, आणि पाकीट छातीशी धरून जीपमध्ये बसले.

नीलाबाई कधी परीक्षेच्या जागी जात नसत. त्या रविवारी मात्र गेल्या. लातूरच्या केंद्राबाहेर आईबापांच्या गर्दीत, फाटकापासून जरा लांब, शिवलिंगजवळ उभ्या राहिल्या. घंटा झाली. दारं उघडली आणि पोरं बाहेर आली, एकजात पडलेल्या चेहऱ्यांची.

"लई बेक्कार होता रे पेपर."

"एक तरी प्रश्न आधी कुठं दिसला का तुला?"

"न्हाई ना! त्या होस्टेलवाल्यांनी म्हणं पेपर मिळवला होता. मी बी त्यांच्यात बसून पाठ केलं. सगळंच भलतं निघालं! त्यापरीस पुस्तक वाचलं असतं तर बरं झालं असतं."

ऋतुजा आली ती बापाला बघताच फुरंगटली. "पप्पा, तो तिसरा प्रश्न ज्यानं काढला ना, त्याला समोर आणा माझ्या! मी सुटले त्यातून, पण घाम फुटला."

"सुटलीस न्हवं?" शिवलिंग म्हणाला. त्यानं तिच्या हातातलं पॅड आपल्याकडं घेतलं. "मग बास."

नीलाबाई तिथून निघाल्या. वाटेत मेसच्या दारात, चहाच्या गाड्यापाशी, सायकलींच्या घोळक्यात, जिथं तिथं पोरं पेपरला नावं ठेवत होती. त्या मुद्दाम हळू चालल्या. एकाही शिवीचा त्यांना कंटाळा आला नाही.

घरी रेणुकादासराव वाटच बघत होते. "काय गं, कसं झालं?"

"सगळी पोरं रडत बाहेर आली," बाई चपला काढत म्हणाल्या.

"आणि तू हसतेस?"

"मग काय करू?" नीलाबाई म्हणाल्या, आणि इतक्या मोकळ्या आवाजात हसल्या की शेजारच्या खोलीतलं भाडेकरू पोरगं पुस्तक मिटून बघायला बाहेर आलं.